लेजवरच्या भाराचा हिशेब दाखवा

मा. सचिव (बांधकामे),
सार्वजनिक बांधकाम विभाग,
मंत्रालय, मुंबई यांस



मी खासगी क्षेत्रात काम करणारा संरचना अभियंता आहे. सरकारी आणि निमसरकारी इमारतींचे आरसीसी नकाशे तपासणीसाठी माझ्या टेबलावर अधूनमधून येतात. त्या नकाशांतल्या एकाच तपशिलाबद्दल हे पत्र आहे. बीमच्या बाजूला, खालच्या अंगाने, काँक्रीटची दीडदोनशे मिलिमीटरची कड बाहेर काढलेली असते. तिच्यावर प्रीकास्ट स्लॅबची फळी, दुसऱ्या बीमचे टोक किंवा एक्स्पान्शन जॉइंटपलीकडचा स्लॅब टेकवलेला असतो. साइटवर सगळे तिला लेज म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो.

पत्र आपल्या कार्यालयाला खासगीत पाठवता आले असते. ते उघड लिहिण्याचे कारण असे की ही चूक एका खात्याची किंवा एका सल्लागाराची नाही. आराखडा करणारा, तपासणारा, सळई बांधणारा आणि मोजमाप पुस्तिकेवर सही करणारा असे आम्ही सगळेच तिच्यात आहोत. आणि ती सुधारण्याचा अधिकार एका परिपत्रकाने वापरता येईल, अशी राज्यात एकच खुर्ची आहे.

मुद्दा थोडक्यात सांगतो. लेजवरचा भार बीमच्या मध्यावर येत नाही, बाजूला येतो. त्यामुळे बीम वाकतो तसा पिळलाही जातो. नकाशात वाकासाठीची सळई चोख असते, कातर बलासाठीच्या रिंगा असतात, पण पिळाचा हिशेब बहुतेक वेळा नसतोच. विचारले तर उत्तर येते, ‘सॉफ्टवेअरमध्ये टॉर्शन आलेच नाही.’

ते येत नाही, कारण आपण ते येऊच देत नाही. ईटॅब्स असो की स्टॅड, बीम ही तिथे एक रेघ असते. प्रीकास्ट फळीचा भार अभियंता त्या रेघेवर ठेवतो. प्रत्यक्षात तो रेघेपासून पाव मीटर बाहेर असतो, पण पडद्यावर ते पाव मीटर नाहीसे होते. भर म्हणून बीमचा टॉर्शन मॉडिफायर, म्हणजे पिळाचा विरोध किती धरायचा तो गुणक, ०.०१ करून ठेवण्याची पद्धत आहे. तीही सरसकट चुकीची नाही. काँक्रीटच्या भारतीय संहितेच्या, आयएस ४५६ च्या, कलम ४१.१ मध्येच म्हटले आहे की, जिथे पिळाचा विरोध विश्लेषणात धरलेला नाही आणि रचना उभी राहायला त्याची गरजही नाही, तिथे पिळाचे वेगळे गणित करावे लागत नाही. कडेच्या बीमला आतून एक उपबीम एकसंध जोडलेला असला की असे होते. कडेचा बीम थोडा तडकतो, थोडा फिरतो, आणि त्याने सोडून दिलेला भार उपबीम स्वतःच्या वाकात घेतो. त्या भाराला दुसरी वाट असते.

लेजवरच्या भाराला दुसरी वाट नसते. फळी नुसती टेकलेली आहे, ती बीमला धरून ठेवत नाही. बीमने पीळ घेतला नाही तर तो गोल फिरणार आणि फळी खाली येणार. अशा ठिकाणी पिळाचे गणित केलेच पाहिजे, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिले आहे. आम्ही कलमाचा सोयीचा अर्धा भाग पाठ केला आणि उरलेला अर्धा वाचलाच नाही.

आकडे मांडल्याशिवाय हे पटणार नाही, म्हणून एक साधे उदाहरण घेतो. बीम ३०० मिमी रुंद, ७५० मिमी खोल, गाळा ८ मीटरचा, एम ३० काँक्रीट. एका बाजूने ८ मीटरच्या प्रीकास्ट फळ्या लेजवर टेकल्या आहेत. फळी, वरचे काँक्रीट, फरशी आणि माणसांचा भार मिळून चौरस मीटरला ९.५ किलोन्यूटन धरू. फळीचा अर्धा भार या बीमवर येतो, म्हणजे दर मीटर लांबीला ३८ किलोन्यूटन, जुन्या भाषेत जवळजवळ चार टन. फळी बीमच्या दर्शनी पृष्ठापासून १०० मिमी बाहेर टेकते असे धरले, तर बीमच्या मध्यापासून भाराचे अंतर २५० मिमी होते. म्हणून दर मीटरला ९.५ किलोन्यूटन-मीटर पीळ. टोकाशी चार मीटरचा साठलेला पीळ ३८, आणि १.५ च्या गुणकाने ५७ किलोन्यूटन-मीटर.

५७ हा आकडा छोटा वाटतो. याच बीमचा मध्यावरचा वाक, स्वतःच्या वजनासह, ५४० किलोन्यूटन-मीटरच्या आसपास आहे. त्याच्यापुढे ५७ म्हणजे दहा टक्के, म्हणून डोळे पुढे सरकतात. पण पीळ वाकासारखा वागत नाही. आयएस ४५६ पिळाचे रूपांतर समतुल्य कातर बलात करते: १.६ गुणिले पीळ भागिले बीमची रुंदी. इथे ते ३०४ किलोन्यूटन येते. बीमचे खरे कातर बल टोकाशी २७० आहे. म्हणजे दुर्लक्षित पीळ हा मोजलेल्या कातर बलापेक्षा मोठा आहे. दोन्ही मिळून ५७४.

रिंगांचे काय होते पाहा. फक्त कातर बल धरले आणि खालची सळई टेकूपर्यंत पूर्ण नेली, तर १० मिमीच्या दोन पायांच्या रिंगा सुमारे २९० मिमीवर चालतात. पीळ धरला की त्याच रिंगा ९० मिमीच्या आत याव्या लागतात. (रिंगांच्या सळईची ताकद संहितेनुसार ४१५ पेक्षा जास्त धरता येत नाही. एफई ५०० वापरली म्हणून पूर्ण ५०० धरणारे नकाशेही मी पाहिले आहेत, पण ते प्रकरण वेगळे.) अंतर एक तृतीयांशाच्याही खाली गेले. इतका फरक सुरक्षेच्या गुणकात लपत नाही.

आणि गोष्ट रिंगांवर थांबत नाही. पिळाचा समतुल्य वाक या बीममध्ये ११७ किलोन्यूटन-मीटर येतो. साध्या टेकूवर बसलेल्या बीमच्या टोकाशी खरा वाक शून्य असतो. तिथे हा ११७ वरच्या अंगालाही लागतो आणि खालच्या अंगालाही. संहितेत तसे स्पष्ट कलम आहे: पिळाचा समतुल्य वाक खऱ्या वाकापेक्षा जास्त असेल तर दाबाच्या बाजूलाही त्या फरकासाठी सळई द्यावी. आमच्या नकाशात वरच्या दोन कोपऱ्यांत १२ मिमीच्या दोन सळया असतात, रिंगा अडकवायला खुंटी म्हणून. त्यांचे क्षेत्रफळ २२६ चौरस मिमी. लागते सुमारे ४००.

कारण समजायला ओला पंचा पिळून पाहावा. त्याच्यावर पडणाऱ्या वळ्या तिरक्या, सर्व बाजूंनी फिरत जातात. काँक्रीटच्या भेगाही पिळात तशाच बीमभोवती गोल चढतात, चारही पृष्ठांवर. म्हणून एका बाजूची सळई पुरत नाही. चारही कोपऱ्यांत लांब सळई आणि चारही बाजूंनी बंद रिंग लागते. अर्न्स्ट राउश यांनी १९२९ मध्येच या भेगाळलेल्या बीमकडे सळई आणि काँक्रीटच्या तिरक्या पट्ट्यांचा त्रिमितीय ट्रस म्हणून पाहिले होते. तरी अमेरिकेच्या एसीआय ३१८ संहितेत पिळाच्या आराखड्याची सविस्तर कलमे यायला १९७१ उजाडले, तीही थॉमस ह्सू यांच्या साठच्या दशकातल्या प्रयोगांनंतर. आपल्या आयएस ४५६ च्या १९७८ च्या आवृत्तीत आजचीच सूत्रे आहेत. म्हणजे ज्ञान नवे नाही, कलम नवे नाही. पदवीच्या परीक्षेत या सूत्रांवर प्रश्न येतो आणि विद्यार्थी तो सोडवतात. फक्त तिथे पीळ किती हे प्रश्नातच दिलेले असते. प्रत्यक्ष कामात तो कुठून येतो हे स्वतः ओळखावे लागते, आणि तिथेच सगळे अडते.

आता या पिळाचा पुढचा मुक्काम. बीमच्या टोकाशी ५७ पीळ आहे, तो कुठे जातो? खांबात. खांबाच्या दृष्टीने तो पीळ नसतो, सरळ वाक असतो, बीमच्या आडव्या दिशेने. मधल्या खांबावर दोन्ही गाळ्यांचे बीम येतात आणि दोन्हींचा लेज एकाच बाजूला असतो. त्यामुळे दोन्ही पीळ एकमेकांना छेदत नाहीत, त्यांची बेरीज होते. ११४ किलोन्यूटन-मीटरचा वाक त्या खांबाला, वरच्या आणि खालच्या मजल्यात वाटून, घ्यावा लागतो. समोरून आडवा बीम असेल तर काही भाग तो घेतो. नसेल तर सगळा खांबाचा. सॉफ्टवेअरच्या रेघेत हाही आकडा शून्य होता. म्हणजे बीमच्या रिंगा वाढवून काम भागले असे समजणारा अभियंता पन्नास टक्केच पास झाला.

बीमच रुंद करावा का? रुंदी ३०० ची ४५० केली तर भाराचे मध्यापासूनचे अंतरही ७५ मिमीने वाढते, पीळ ५७ चा ७४ होतो. तरीही सौदा फायद्याचा ठरतो, कारण समतुल्य कातर ताण चौरस मिमीला २.७७ न्यूटनवरून १.८ च्या आत येतो. अरुंद आणि खोल बीम वाकाला उत्तम, पिळाला वाईट. पण वास्तुविशारदाला भिंतीच्या जाडीत बसणारा बीम हवा असतो आणि आमच्यापैकी पुष्कळांना ‘नाही’ म्हणायची सवय राहिलेली नाही.

हे झाले संपूर्ण बीमचे. लेज स्वतः वेगळ्या कारणांनी मोडते, आणि ती कारणे नकाशात त्याहून क्वचित दिसतात.

पहिली जागा सांध्याची. बीमच्या तळाशी, लेजवर आलेला भार बीमच्या वरच्या भागापर्यंत चढला पाहिजे. भार बीमच्या डोक्यावर असेल तर तो आपोआप काँक्रीटमधून खाली वाटला जातो. तोच भार पोटाशी टांगला, तर लेज आणि बीम यांच्या सांध्यात आडवी भेग पडून लेज खाली सुटू पाहते. तिला वर उचलून धरणारी उभी सळई बीमच्या आतल्या बाजूला, लेजच्या लगतच्या पायात, मोजून द्यावी लागते. आमच्या उदाहरणात दर मीटरला गुणकासह ५७ किलोन्यूटन उचलायचे आहेत. आकडा अवघड नाही. पण तो नकाशावर कुठे लिहिलेला दिसला तर मी त्या अभियंत्याला चहा पाजायला तयार आहे.

सळई बांधताना काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. बीमचा पिंजरा आधी उभा राहतो: खालच्या जाड सळया, वरच्या सळया, रिंगा. लेजची सळई नंतर येते, कारण बार बेंडिंग शेड्यूलमध्ये ती शेवटच्या ओळीत असते. फिटर ती वाकवलेली सळई बाहेरून आणून रिंगेला तारेने बांधतो. दिसायला सगळे जागेवर असते. पण लेजची सळई बीमच्या आत रुजलेलीच नसते, नुसती टेकलेली असते. ती बीमच्या रिंगेच्या आत जाऊन लांब सळईला वळसा घालून आली पाहिजे, आणि लेजच्या बाहेरच्या कोपऱ्यात, तिच्या वळणाच्या आत, आणखी एक लांब सळई हवी. फिटरला हे सांगायला दोन मिनिटे पुरतात आणि तो ते बिनचूक करतो. त्याला सांगणारा नकाशा हवा. १:१०० च्या आराखड्यात दोन रेघांनी दाखवलेली लेज त्याला काहीच सांगत नाही.

दुसरी जागा लेजच्या नाकाची. सळई वाकवायला त्रिज्या लागते. १६ मिमीची सळई काटकोनात कागदासारखी दुमडता येत नाही. त्यामुळे लेजच्या बाहेरच्या पट्ट्यात, कव्हर धरून, सरळ सळई नसतेच. फळी जर त्या पट्ट्यावर टेकली तर कोपरा निघून येतो. कॉर्बेलसाठी, म्हणजे खांबातून बाहेर काढलेल्या आखूड ब्रॅकेटसाठी, आयएस ४५६ च्या कलम २८ मध्ये हे सांगितले आहे: सळई वळसा देऊन रुजवली असेल तर टेकण्याची जागा तिच्या सरळ भागाच्या बाहेर जाऊ नये. लेजलाही हाच नियम लावायला हवा. म्हणून १५० मिमीची लेज ही कागदावरची सोय आहे. तिच्यात कव्हर, वळण, निओप्रीन पॅड आणि बांधकामातली चूकभूल यांना एकत्र जागा नाही.

तिसरी जागा बीमच्या टोकाची. केंद्रित भार लेजमधून खाली काँक्रीटचा पिरॅमिडसारखा तुकडा ढकलून काढू पाहतो. गाळ्याच्या मध्ये तो तुकडा दोन्ही बाजूंनी धरलेला असतो, टोकाशी एकाच बाजूने. ताकद कमी होते, आणि नेमका तिथेच शेवटच्या फळीचा पाय येतो.

या सगळ्यात आडव्या ओढीचा विचार वेगळा. तापमानाने आणि काँक्रीट आकसण्याने स्लॅब आखडतो आणि लेजला बाहेर ओढतो. एसीआय संहिता कॉर्बेलसाठी ही ओढ उभ्या भाराच्या किमान २० टक्के धरायला लावते. आपल्याकडे पॅड टाकला की ओढ संपली असे मानतात. पॅडच्या जागी सिमेंटच्या गोणीचा कागद घालून काँक्रीट ओतल्याचे पाहिलेला मनुष्य असे मानणार नाही.

आपल्यापैकी काहींना वाटेल की हे फार सूक्ष्म आहे, एवढ्याने काही पडत नाही. कॅनडातल्या क्युबेकमध्ये, लवाल शहरात, ३० सप्टेंबर २००६ ला काँकोर्ड पुलाचा एक भाग कोसळला. ५ जण गेले, ६ जखमी झाले. पूल १९७० च्या सुमाराचा. पुलाच्या कॅन्टिलिव्हरच्या टोकाला काँक्रीटची बैठक काढून तिच्यावर मधला भाग टेकवला होता. ते पिळाचे प्रकरण नव्हते, पण लेजचेच होते. पिएर मार्क जॉन्सन यांच्या चौकशी आयोगाने २००७ मध्ये अहवाल दिला. बैठकीचा भार वर उचलून धरणारी सळई नकाशात हवी तशी वरच्या सळयांशी गुंफली गेली नव्हती, ती खाली बसली होती. जाड स्लॅबमध्ये कातर बलाची सळई नव्हती. काँक्रीट निकृष्ट होते आणि मीठ-पाण्याने व गोठण्याने खराब झाले होते. कोसळण्याआधी काँक्रीटचे तुकडे रस्त्यावर पडल्याची खबरही मिळाली होती. पूल पडला तो पस्तीसेक वर्षांनी. ही खोट लगेच दिसत नाही, म्हणूनच ती उद्घाटनाच्या दिवशी सापडत नाही.

आपल्याकडे गोठण नाही, पाऊस आहे. लांब इमारतीत एक्स्पान्शन जॉइंट देताना दोन खांब शेजारीशेजारी घ्यायचे की एका बाजूच्या स्लॅबला दुसऱ्या बाजूच्या लेजवर टेकवायचे, हा प्रश्न प्रत्येक रुग्णालयाच्या, वसतिगृहाच्या, न्यायालयाच्या इमारतीत येतो. माझा कौल नि:संशय जोडखांबांना आहे. लेज घेतली की बीमला पीळ, खांबाला वाक, आणि जॉइंटमधून झिरपणारे पाणी थेट लेजच्या वरच्या सळईवर. ती जागा नंतर कुणाला पाहताही येत नाही, वर फरशी आणि खाली फॉल्स सीलिंग. जोडखांबाला पाया एकच पुरतो. खर्च थोडा वाढतो, मार्गिकेत चारशे मिलिमीटर जागा जाते, आणि दर्शनी भाग काढणारे नाराज होतात. होऊ द्यावेत.

प्रीकास्टमध्ये लेज टाळता येत नाही, ते मान्य. तिथे पिळाचा सर्वांत वाईट क्षण इमारत वापरात आल्यावर येत नाही, तो उभारणीत येतो. दोन्ही बाजूंनी लेज असलेला उलट्या टीच्या आकाराचा बीम पूर्ण झाल्यावर दोन्ही बाजूंनी सारखा भारला जातो आणि पीळ जवळजवळ शून्य होतो. पण क्रेन फळ्या एका बाजूने लावत जाते. त्या दुपारी एक बाजू भरलेली आणि दुसरी रिकामी असते, वरचे काँक्रीट पडलेले नसते, बीम खांबाला एकसंध झालेला नसतो. बीम बैठकीवरून नुसता उलटू शकतो. टोकाला वर आणि खाली अशा दोन ठिकाणी तो खांबाला धरून ठेवणारे बोल्ट किंवा तात्पुरते टेकू लागतात. फळ्या कोणत्या क्रमाने लावायच्या, एका बाजूने किती पुढे जायचे, हे नकाशावर लिहावे लागते. निविदेत ‘उभारणी कंत्राटदाराच्या जबाबदारीवर’ असे एक वाक्य टाकून तो प्रश्न सुटत नाही.

इथे एक आक्षेप मी स्वतःच मांडतो, कारण तो मांडला जाणारच आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात पॉल झिया, सामी रिझकल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किंगच्या इमारतींतल्या एल आकाराच्या कडेच्या बीमच्या पूर्ण आकारात चाचण्या घेतल्या. २०११ मध्ये पीसीआय या तिथल्या प्रीकास्ट काँक्रीटच्या संस्थेच्या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले. खोल आणि अरुंद प्रीकास्ट बीममध्ये, जिथे खोली रुंदीच्या सुमारे साडेचारपट किंवा अधिक आहे, बंद रिंगांची गरज नसते, उघडी सळई पुरते. तेव्हा बंद रिंगांचा हट्ट कशाला, असे कोणी विचारेल.

उत्तर सोपे आहे. त्या बीममध्ये पिळाचा विचार सोडून दिलेला नाही, तो वेगळ्या रीतीने केलेला आहे. पातळ बीम टोकाशी तिरक्या भेगेवर बाहेरच्या बाजूला वाकतो. त्या वाकासाठी आतल्या पृष्ठावर मोजून उभी आणि आडवी सळई दिलेली असते, आणि टोक वर-खाली खांबाला घट्ट धरलेले असते. आमच्या ३०० बाय ७५० च्या बीमला ते लागू नाही. त्याच विद्यापीठाच्या नंतरच्या चाचण्यांत असेही दिसले की लेजची ताकद पीसीआयच्या जुन्या हँडबुकातल्या सूत्राने काही ठिकाणी प्रत्यक्षापेक्षा जास्त धरली जात होती. परदेशातला सोयीचा अर्धा निष्कर्ष उचलण्याची हौस आम्हाला कलम ४१.१ च्या वेळी झाली होतीच.

छज्ज्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. खिडकीवरचा लिंटेल आणि त्यातून बाहेर आलेला छज्जा हा महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरातला पिळाचा नमुना आहे. छज्ज्याचे टोक जेवढे बाहेर, तेवढा लिंटेलला पीळ. तो धरून ठेवतो लिंटेलच्या दोन्ही टोकांवरचा भिंतीचा भार आणि रिंग. पावसाळ्यात छज्जा पडल्याच्या बातम्यांत कारण बहुधा गंज असते, पीळ नसतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण सेंट्रिंग काढल्या काढल्या छज्जा भिंतीसकट खाली झुकतो, तेव्हा गंजाला वेळच मिळालेला नसतो. वरची भिंत चढण्याआधी टेकू काढले, एवढेच घडलेले असते. शाळेच्या खोल्यांच्या लहान कामात हे जास्त होते, कारण तिथे नकाशाही एकाच पानाचा असतो.

खर्चाचा प्रश्न येईल म्हणून तोही हिशेब केला. आमच्या उदाहरणातल्या बीममध्ये टोकांच्या दोन-अडीच मीटरमध्ये रिंगा दाट केल्या तर जादा सळई सुमारे ५० किलो लागते. वरच्या कोपऱ्यांतल्या जाड सळया आणि लेजची सळई धरून आणखी थोडी. म्हणजे एका बीममागे काही हजार रुपये. तेवढ्या पैशांत त्याच खोलीचे फॉल्स सीलिंगसुद्धा होत नाही.

आता मागणी. मला समिती नको आहे. समितीचा अहवाल येईपर्यंत एक पंचवार्षिक जाते. एक परिपत्रक पुरेल. बीमला लेज, कॉर्बेल किंवा एकतर्फी छज्जा असेल, तिथे त्या बीमचा १:१० चा छेद नकाशात असावा. त्यात भार नेमका कुठे टेकतो, बीमच्या मध्यापासून किती अंतरावर, आणि टोकाशी पीळ किती, हे तीन आकडे लिहिलेले असावेत. ते नसतील तर संकल्पचित्र मंडळाने नकाशा परत करावा. गणिताच्या पुस्तिकेत खांबाला जाणारा वाक दाखवलेला असावा. प्रीकास्ट असेल तर उभारणीचा क्रम निविदेसोबत यावा. काँक्रीट ओतण्याआधी लेजच्या सळईचे छायाचित्र, रिंगेची १३५ अंशांची हुक दिसेल इतक्या जवळून, मोजमाप पुस्तिकेला जोडावे. आयएस १३९२० भूकंपासाठी ती हुक मागतेच, मग पिळासाठी ती वेगळी मागायची गरज नाही, फक्त पाहायची आहे. ९० अंशांत वळवलेली रिंग कव्हर सुटले की उघडते, आणि पिळात कव्हर लवकर सुटते.

जुन्या इमारतींसाठी एवढेच: जिथे एक्स्पान्शन जॉइंट लेजवर आहे तिथले फॉल्स सीलिंग एकदा काढून, टॉर्च घेऊन, लेज आणि बीमच्या सांध्यातली आडवी भेग पाहावी. पावसाळ्यानंतरच्या नेहमीच्या पाहणीत ही एक ओळ वाढवता येईल. त्यासाठी वेगळी तरतूद लागणार नाही, शिडी लागेल.

हे परिपत्रक निघाले तर पहिल्या वर्षी आमच्यासारख्या सल्लागारांचे बरेच नकाशे परत येतील. त्यात माझ्या व्यवसायबंधूंचा रोष आपल्यावर येईल आणि थोडा माझ्यावरही. तो आपण पत्करावा, अशी विनंती आहे. पुढची दरसूची निघण्याआधी हे झाले तर चालू वर्षाच्या निविदांनाही ते लावता येईल.

आपला,
एक संरचना अभियंता